मुंबई बघितली म्हणजे नेमकं काय बघितलं?

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका मित्राशी माझं चांगलंच वाजलं. विषय राजकारण नव्हता, अप्रेझलही नव्हतं. विषय होता मुंबई.

झालं असं, की हा पठ्ठ्या नुकताच दोन वर्षं लंडनला ऑनसाइट राहून परत आलाय. दर शनिवारी शहराचा एक भाग निवडायचा, ट्यूबने तिथे जायचं आणि दिवसभर पायी भटकायचं, असा तिथे त्याचा नेम होता. ऐकायला खरंच मजा येत होती. ब्रिक लेनबद्दल तर तो रंगून सांगत होता. तिथली एक मशीद आधी सिनॅगॉग होती आणि त्याच्याही आधी चर्च. फ्रान्समधून पळून आलेले ह्यूगनॉ विणकर त्या भागात राहिले, मग पूर्व युरोपातले ज्यू आले, मग बांगलादेशी. एकाच इमारतीत तीन धर्म नांदून गेले. मी म्हटलं, वा!

मग सहज विचारलं, "आणि मुंबई किती बघितलीस?"

"मुंबईत काय बघायचंय? बघितलीय की! गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग, शाळेच्या सहलीत. शिवाय व्हिसासाठी दोनदा बीकेसीला गेलोय. गर्दी, घाम, घाण. बास."

इथे माझं डोकं सटकलं. लंडनच्या विणकरांचा तीनशे वर्षांपूर्वीचा पत्ता ज्याला पाठ आहे, त्याला लालबाग-परळच्या विणकरांचा चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता माहीत नाही. आणि वर तो मुंबई "बघितलीय" म्हणतो! पण खरं सांगायचं तर जेवढा राग त्याचा आला, त्याहून थोडा जास्त स्वतःचाच आला. का ते पुढे सांगतो.

*

आधी माझ्या गावाबद्दल. मी काटेवाडीचा. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की लागतं ते. गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे पवारांचं गाव!" झालं, आमचं गाव त्याच्या दृष्टीने बघून झालं. थोडा जास्त माहितगार असेल तर म्हणतो, "ते मेंढ्यांचं रिंगण असतं तेच ना?" हो, तेच. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना आमच्याकडे विसावते. परीट समाजाचे लोक धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती गोल धावतात. बघण्यासारखंच असतं.

पण हल्ली दरवर्षी बघतो, पुण्याहून गाड्या येतात. लोक उतरतात, मेंढ्यांचा व्हिडिओ काढतात आणि तासाभरात गाडी वळवून परत. धोतरं कुणाच्या घरून येतात, मेंढ्या कुणाच्या, त्या एरवी कुठे चरतात, हे विचारायला एकही माणूस थांबत नाही. गावाचा एक 'पॉइंट' झालाय. पॉइंट होणं म्हणजे काय हे ज्याच्या गावाला भोगायला लागतं त्यालाच कळतं.

आणि गंमत बघा, हे सगळं वारीत घडतं. पुण्याहून गाडीने पंढरपूर गाठायला काही तास पुरतात. पालखीला देहूहून अठरा-एकोणीस दिवस लागतात. कुठल्याही वारकऱ्याला तुम्ही "डायरेक्ट का नाही जात?" असं विचारत नाही. कारण वाटेतलं प्रत्येक गाव, प्रत्येक विसावा हा वारीचाच भाग असतो, हे आपल्याला न सांगता कळतं. हीच समज शहराच्या बाबतीत मात्र आपण टोलनाक्यावर सोडून येतो.

*

तर माझा मुद्दा साधा आहे. मुंबई नावाचं एक शहर बघायला जाऊ नका, ते सापडत नाही. मुंबई म्हणजे एकमेकांना चिकटलेली शंभर गावं आहेत. ती एकेक करून, पायी बघावी लागतात. आणि ज्याने त्यातली चारसुद्धा बघितली नाहीत, त्याने मुंबईबद्दल मत देऊ नये. "गर्दी फार" हे मत नव्हे, ती तक्रार झाली.

'शंभर गावं' ही अलंकारिक भाषा समजू नका. मुळात ती सात बेटंच होती: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पोर्तुगीजांनी १६६१ मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण दिली आणि १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत मधल्या खाड्या बुजवून बेटं जोडली. जमीन जोडली, पण माणसं आपापल्या ठिकाणी राहिली. वरळीचे कोळी वरळीत, माझगावच्या माथारपाखाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांच्या नावावरून कामाठीपुरा. या शहरातली वळणं ही माणसांच्या येण्याची वळणं आहेत.

एक चाल सांगतो, करून बघा. सकाळी आठला सीएसएमटीला उतरा. स्टेशनकडे तोंड वर करून दहा मिनिटं बघा, २००४ पासून जागतिक वारसा आहे ते. मग क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडईवरून काळबादेवीत शिरा. तिथून झवेरी बाजार, मुंबादेवी, भुलेश्वर. फुलांचा वास, मधेच गाय, मधेच हातगाडी, वर लाकडी कोरीव सज्जे. भुलेश्वरला गुजराती पाट्या वाचत वाचत पुढे सरका, पाट्या मराठी व्हायला लागल्या की समजायचं गिरगाव आलं. केशवजी नाईकांच्या चाळीत डोकवा. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतोय. आणि मग खोताची वाडी. वामन हरी खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाची वाडी, आणि राहिले तिथे बरेचसे ईस्ट इंडियन ख्रिस्ती! लाकडी जिने बाहेरून, कौलारू छपरं, दोन माणसं शेजारून जाताना खांदा लागेल एवढी गल्ली. एवढ्याशा अंतरात चार-पाच वेगवेगळी गावं. वेळ? रमतगमत तीन तास. खर्च? चहा आणि एक साबुदाणा वडा.

दुसऱ्या फेरीला दादर-माटुंगा. तिथे प्रश्न विचारायचा, की गिरगावातल्या इतक्या अरुंद गल्ल्यांनंतर इथे अचानक इतके रुंद रस्ते, झाडं आणि बागा कशा? त्याचं उत्तर प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, शहर ओस पडलं. मग १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने समुद्राची हवा आत यावी म्हणून दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्या रोगाची लेकरं आहेत. त्याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या, त्या बीआयटी चाळी. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहिले आणि पुढे हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं. परळची ती चाळ ते राजगृह हे अंतर पायी जाऊन बघा. पाऊण तास लागत असेल. त्या पाऊण तासात जे कळतं ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

हे शोध काही माझे नाहीत. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' नावाचं आख्खं पुस्तक मराठीत लिहून ठेवलंय. बाजार, देवळं, तळी, जातीजमाती, त्यांचे धंदे. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला हे शहर असं न्याहाळावंसं वाटलं. आणि आपण, हातात जीपीएस असलेले, अजून 'गेटवे-चौपाटी-राणीची बाग' या तीन शब्दांवर अडकलोय.

*

आता तो स्वतःवरचा राग.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबईत गिरणीत होते. साचेखात्यात. वीसेक वर्षं तरी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मग जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आबा वर्षभर थांबले आणि वळकटी घेऊन काटेवाडीला परत आले. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी दुसऱ्याच्या उसाला पाणी दिलं. अपरात्री उठून बसायचे. आजी म्हणायची, "ह्यांची पाळी अजून सुटली न्हाई."

मी इंजिनिअरिंगला असताना ते गेले. मुंबईत ते कुठे राहायचे, काय खायचे, कुणाबरोबर राहायचे, हे मी एकदाही विचारलं नाही. घरात कुणीच विचारलं नाही. मुंबई म्हणजे आबांचा फसलेला भाग, तो कशाला उकरायचा?

दहाएक वर्षांपूर्वी मला ही भटकंतीची खाज सुटली. गिरणगावात गेलो तेव्हा डिलाइल रोडच्या बाजूला एका चाळीत शिरलो आणि कॅमेरा काढून धडाधड फोटो काढायला लागलो. लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, पिंप, तुळस. एक बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय रे, काय बघतोयस आमच्यात?" मी गडबडलो. म्हटलं, "मावशी, आमचे आबा इथेच कुठंतरी राहायचे, गिरणीत होते." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "असं होय? कुठली चाळ? कितवा माळा? खोली नंबर?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

त्या शनिवारी रात्रीच काटेवाडी गाठली. आजीला विचारलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "आरं, इतक्या वर्सात कुणी इचारलं न्हाई," एवढंच म्हणाली आणि ट्रंक उघडली. आत मनीऑर्डरची कुपनं दोऱ्याने बांधून ठेवलेली. प्रत्येकावर 'खुशाल आहे, काळजी नसावी' आणि मागे पाठवणाऱ्याचा पत्ता. खोली नंबर १७, दुसरा माळा. चाळीचं नाव. रस्त्याचं नाव. गिरणीचं नाव.

गिरणीचं नाव वाचून मी चाट पडलो. त्या आवारात मी दोनदा जाऊन आलो होतो! तिथे आता काचेची ऑफिसं आहेत आणि त्यातल्या एकात आमच्या एका क्लायंटचं ऑफिस होतं. पुण्याहून कॅब, गेटवर पास, लिफ्ट, मीटिंग, परत कॅब. मीटिंगच्या इन्व्हाइटमध्ये पत्ता असायचा, त्यात शेवटी 'मिल कंपाउंड' लिहिलेलं असायचं. तो 'मिल' हा शब्द मी कधी वाचलाच नाही.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. आबांची चाळ आधीच्या चाळीपासून दोन गल्ल्यांवर निघाली. १७ नंबरमध्ये आता एक कुटुंब राहतं. एके काळी त्या खोलीत दहा-बारा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि जेवण एका बाईच्या खानावळीत, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्यांना आबा आठवत नव्हते. "बारामतीकडची दोन-तीन पोरं होती," एवढंच म्हणाले. मी गॅलरीत उभा राहून समोर बघितलं, तर आमच्या क्लायंटची बिल्डिंग.

म्हणून मित्राच्या त्या "बास" ने माझं डोकं फिरलं. तो जे बोलला तेच मी कितीतरी वर्षं करत होतो.

*

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते सगळे कॅन्टीनमध्ये ऐकून झालेत.

"लोकांच्या वस्त्या काय बघायच्या? ते काय प्राणिसंग्रहालय आहे?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्या मावशींनी तो मला तोंडावर सुनावलाय. एसी गाडीतून धारावी दाखवणाऱ्या टूर मलाही आवडत नाहीत. पण यावर उपाय न जाणं हा नाही. नीट जाणं हा आहे. कॅमेरा पिशवीत ठेवायचा, दुकानातून काहीतरी विकत घ्यायचं आणि माणसाशी बोलायचं. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार पिढ्यान् पिढ्या चाक फिरवतायत. त्यांच्याकडून दिवाळीच्या पणत्या घ्या, आपोआप बोलणं होतं. बघणाऱ्याला स्वतःचंही गाव असतं हे समोरच्याला कळलं, की तो प्रेक्षक राहत नाही, पाहुणा होतो.

"वेळ कुठाय?" हे मात्र झूट. पुण्याहून पहाटेची सिंहगड पकडली की साडेनवाच्या आसपास दादरला असतो आपण. लोणावळ्याला भुशी डॅमच्या ट्रॅफिकमध्ये जेवढे तास जातात तेवढ्यात एक आख्खं परळ बघून होतं :)

"आता सगळं बदललंय, बघायला उरलंय काय?" अहो, म्हणूनच तर आता जा! बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. वरळीतल्या पहिल्या साडेपाचशेवर कुटुंबांना २०२५ मध्ये नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेली ती माणसं, चांगलंच झालं, चाळीचं कौतुक आपल्यासारख्या बाहेरच्याने करू नये. पण जे जाणार आहे ते निदान एकदा डोळ्यांखालून घालायला काय हरकत आहे?

आणि एक गोष्ट लक्षात आलीय का तुमच्या? गेल्या पंचवीस वर्षांत बांधलेला मुंबईतला जवळजवळ प्रत्येक मोठा रस्ता हा शहर न बघता जाण्यासाठी आहे. २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल झाला, आता मोहम्मद अली रोड खालून जातो. २००९ मध्ये सी लिंक झाला, त्यावरून वरळी कोळीवाडा पाच सेकंद दिसतो. २०२४ मध्ये कोस्टल रोड आला. २०२५ मध्ये आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाली. मी या कशाच्याही विरोधात नाही, मेट्रोने तर मी स्वतः जातो. ती तुम्हाला थेट काळबादेवीला आणि गिरगावला उतरवते. पण उतरलात तर! नाहीतर एका एसी डब्यातून दुसऱ्या एसी ऑफिसात, आणि संध्याकाळी म्हणायचं, "मुंबईला जाऊन आलो."

*

शेवटचा मुद्दा जरा टोचणारा आहे, पण बोलतोच.

आपल्यापैकी बहुतेकांना 'मुंबई कुणाची' हा वाद सुरू झाला की एकदम स्फुरण चढतं. व्हॉट्सॲपवर तलवारी निघतात. मुंबई महाराष्ट्राची राजधानी व्हावी म्हणून शंभरावर माणसांनी जीव दिला, आणि मग १ मे १९६० उजाडला. हुतात्मा चौक त्यांच्याच आठवणीचा आहे. हे सगळं खरं, आणि त्याचा अभिमान असायलाच हवा. पण माझा प्रश्न असा, की जी राजधानी आपली म्हणून आपण भांडतो, तिच्यातली किती नावं आपल्याला पायांनी माहीत आहेत? काळाचौकी कुठे? घोडपदेव कुठे? शिवडीचं पुढचं स्टेशन कुठलं? त्या हुतात्मा चौकात तरी किती जण पाच मिनिटं उभे राहिलेत? सातबारा नावावर असून एकदाही बांधावर न गेलेला मालक आमच्या गावात हास्याचा विषय होतो.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. आबा एसटीने आले असतील. मी शिवनेरीने जातो. पोटापाण्यासाठी जाणाऱ्यांना ते शहर गल्लीन् गल्ली पाठ व्हायचं, कारण त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला पर्याय आहे, म्हणून आपण न बघणं निवडलंय.

तर येत्या शनिवारी एकच भाग निवडा. एका फेरीत एकच, हा नियम मोडू नका. लोकलने जा, पायी फिरा, दुपारी तिथलीच माणसं जिथे जेवतात तिथे जेवा. आणि एका तरी माणसाला विचारा, "गाव कुठलं तुमचं?" मुंबईत हा प्रश्न अजून कुणी टाळल्याचं मला आठवत नाही. उलट तो माणूस तुम्हालाही तेच विचारतो.

आणि हो, त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की आपल्यातलं कोण मुंबईला होतं आणि कुठे राहायचं. ट्रंकेत काहीतरी निघेल.

मित्राचं विचाराल तर तो अजून माझ्याशी सहमत नाही. पण परवा त्याने त्याच्या वडिलांना फोन केला होता. त्यांचे एक मामा नायगावला राहायचे म्हणे. रविवारी आम्ही दोघं चाललोय.